सरड्याचं अंडं कोंबडीचं समजू नका: या चुका टाळा

आमच्या बिअर्डेड ड्रॅगनच्या (हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, घरी पाळला जाणारा सरडा) मादीनं पहिल्यांदा 19 अंडी घातली, तेव्हा सगळ्यात खूश झाली आत्या. तिनं उभ्या जन्मात गावाकडं कितीतरी खुडूक कोंबड्या बसवल्यात. रोज संध्याकाळी फोनवर विचारायची, "फिरवलीस का रं अंडी? न्हाईतर पिल्लू एका अंगाला चिकटतं." मीही इमानेइतबारे फिरवत राहिलो. पंधरवड्यात एकूण एक अंडं पिवळं पडून बसलं.

आत्याचं कोंबडीबाबत सोळा आणे खरं होतं. सरड्याच्या अंड्यात मात्र गर्भ पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच वरच्या बाजूला कवचाला धरतो. नंतर अंडं उलटलं की तो मरतो. म्हणून अंडं उचलण्याआधी माथ्यावर शिसपेन्सिलीनं टिंब करा. ते टिंब शेवटपर्यंत वरच राहिलं पाहिजे.

दुसरी चूक, पोल्ट्रीवाल्याचं इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं यंत्र, उसनं आणणं. ते 37.5 अंशांवर चालतं आणि त्याचा ट्रे आपोआप फिरतो, म्हणजे एकाच यंत्रात दोन मरणं. ड्रॅगनच्या अंड्यांना 28-29 अंश पुरतात. आणि 21 दिवसांत काही होत नाही. साधारण 55 ते 75 दिवस धीर धरावा लागतो.

आपल्या मराठवाड्यात खरी अडचण उबेची नाही, गारव्याची आहे. थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणारं बटण) हीटर बंद करू शकतो, खोली गार करू शकत नाही. मे महिन्यात खोलीच 38 वर गेली तर तो बिचारा काय करणार? माझं अंडी उबवायचं खोकं आता मार्चअखेरीस आत्याच्या माळवदाच्या घरी जातं. जाड भिंती, वर मातीचं छत. भर दुपारीही आत बरं वाटतं. थर्मोकोलच्या खोक्यात पाण्यानं भरलेल्या चार बाटल्या ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी पारा एकदम हलत नाही. फार चढलाच तर एक बाटली काढून फ्रिजमधली गार बाटली ठेवा, बर्फाची नको. 32 च्या वर आणखी एक भानगड: गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन निघू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या रानातल्या ड्रॅगनमध्येही असं घडतं, हे 2015 साली संशोधकांनी दाखवलं. थंडीत मात्र हीटर हवाच.

ओलाव्यातही कोंबडी डोक्यातून काढा. हे कवच चामड्यासारखं मऊ असतं, पाणी शोषतं आणि अंडं फुगत जातं. डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) घेऊन त्यात त्याच्या वजनाइतकंच पाणी घाला. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार नको. त्यात अंडी निम्मी रुतवा. झाकणाचे थेंब अंड्यावर पडू देऊ नका. सुरुवातीलाच अंड्याला खळगा पडला तर कोरडं झालंय, डब्याच्या कडेनं थोडं पाणी सोडा. शेवटच्या दिवसांत पडला तर घाबरू नका, पिल्लू येतंय.

बुरशी दिसली की अंडं फेकायची घाई नको. आठ-दहा दिवसांनी अंधारात, अंडं न हलवता मोबाइलचा टॉर्च लावा. लाल शिरा दिसल्या तर ते जिवंत आहे. आणि नर नसतानाही मादी फोल अंडी घालते, तेव्हा शिरा दिसल्या नाहीत म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

बांधावर सापडलेली घोरपडीची अंडी आणून हा प्रयोग करू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, थेट गुन्हा होतो. इग्वाना (मोठा परदेशी सरडा) पाळत असाल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर त्याची आणि पिल्लांचीही नोंद करावी लागते.

अंडं फुटायला लागल्यावर टरफल सोलायला बोटं शिवशिवतात. आत्या कोंबडीच्या पिल्लाला तशी मदत करते. इथं हात बांधून बसा. पिल्लू चीर पाडून तोंड बाहेर काढतं आणि कधीकधी दिवसभर तसंच पडून राहतं, कारण उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. तेव्हा ओढलं तर बलकाची पिशवी फाटते.

यंदा 23 पैकी 17 निघाली. आत्या रोज विचारायचीच, "फिरवलीस का रं?"

"फिरवली की, आत्या."