स्टार वॉर्सचं संगीत ऐकायचं तर एकच सुरावट धरा

स्टार वॉर्स या अंतराळकथेच्या चित्रपटांचं संगीत ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी शीर्षकसंगीताचं नाव घेत नाही. ते बहुतेकांच्या कानात आधीच असतं. मी सांगते, १९७७च्या पहिल्या चित्रपटातला सूर्यास्त ऐका. तरुण नायक ल्यूक घराबाहेर येऊन उभा राहतो, समोर दोन सूर्य मावळत असतात आणि संवाद एकही नाही. एकटा फ्रेंच हॉर्न एक सुरावट म्हणतो, मग व्हायोलिनं ती उचलून धरतात. एक मिनिटही लागत नाही. त्या मुलाला इथून निघून जायचंय, हे ही सुरावट सांगून मोकळी होते.

जॉन विल्यम्स यांनी १९७७ ते २०१९ या काळात मूळ कथानकाच्या नऊही चित्रपटांना संगीत दिलं. सगळं एका दमात ऐकायला बसलात तर तिसऱ्या तासाला कान बधिर होतील. मी तसं करून पाहिलंय, हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा एक सुरावट निवडायची आणि ती जाईल तिकडे तिच्या मागे जायचं. माझी निवड ही सूर्यास्ताचीच. सुरुवातीला ती बेन केनोबीची, म्हणजे ल्यूकच्या वृद्ध गुरूची म्हणून लिहिली गेली, पुढे ‘फोर्स थीम’ हे नाव रूढ झालं; फोर्स म्हणजे या कथेतली अदृश्य शक्ती.

ऐकण्याआधी दोन गोष्टी करा. ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोय असेल तर ती बंद करा, आणि शफलही बंद. या संगीतात कुजबुज आणि गडगडाट यांच्यात प्रचंड अंतर आहे, तेच सपाट झालं तर उरतं काय? शीर्षकाचा पहिला दणका मोठा पण सुखाचा वाटेल इतका आवाज ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. हळू जागा हळूच ऐकू येऊ द्या. ध्वनिमुद्रण कुणाचं आहे तेही बघून घ्या, कारण इतर वाद्यवृंदांनी वाजवलेल्या आवृत्त्या भरपूर आहेत. पहिल्या सहा भागांसाठी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवते, शेवटच्या तिघांचं संगीत लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित झालं.

आता सुरावट पाठ करा. नुसतं ऐकून भागत नाही, गुणगुणावं लागतं. खालच्या पंचमावरून षड्जावर या, मग रिषभ, मग कोमल गंधार. एवढी चढण गळ्यात बसली की पुढचं आपोआप येतं. शेजारी शीर्षकाची सुरावट म्हणून बघा: षड्जावरून थेट पंचमावर उडी, मग मध्यम, गंधार, रिषभ असे झरझर उतरून एकदम तार षड्ज. तिथे सगळे स्वर शुद्ध, छाती पुढे काढून उभे. फोर्सच्या सुरावटीत तो एक गंधार कोमल आहे आणि तिची सगळी हुरहुर त्याच्यापाशी साठली आहे. गळ्यातून गेल्याशिवाय हा फरक मला कधी कळला नसता.

मग चार सूर्यास्त ओळीने ऐका. पहिला १९७७चा. दुसरा २००५च्या चित्रपटाच्या (कथेच्या क्रमाने तिसऱ्या भागाच्या) शेवटी, जिथे तान्हा ल्यूक त्याच्या काका-काकूंकडे सोपवला जातो आणि क्षितिजावर तेच दोन सूर्य असतात. तिसरा २०१७चा, म्हाताऱ्या ल्यूकच्या अखेरच्या क्षणी. चौथा २०१९चा, शेवटच्या चित्रपटांची नायिका रे ल्यूकच्या ओस पडलेल्या घरापाशी येते तेव्हा. सुरावट तीच. पण पहिल्यांदा ती निघण्याची आस असते, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी हाती सोपवलेला भरवसा, आणि तिसऱ्या वेळी मी ती कोरड्या डोळ्यांनी ऐकू शकत नाही. विल्यम्स तिथे जवळपास १९७७चीच मांडणी परत आणतात. चाळीस वर्षांपूर्वीचा तो मुलगा त्या म्हाताऱ्याच्या आत अजून उभा आहे, हे फक्त संगीतच सांगतं.

सवड असेल तर १९७७च्या सूर्यास्तासाठी आधी लिहिलेली वेगळी रचनाही ऐका. तीही ध्वनिमुद्रित झाली होती आणि पुढे प्रसिद्ध झाली. तिच्यात फोर्सची सुरावट अशी उसळत नाही. रचना वाईट नाही, पण दोन्ही पाठोपाठ ऐकल्यावर एका सुरावटीने प्रसंग किती बदलतो ते लख्ख दिसतं.

पहिल्याच चित्रपटात हीच सुरावट आणखी दोन ठिकाणी पकडा: जळून गेलेल्या घरासमोर ल्यूक उभा राहतो तिथे, आणि शेवटच्या पदकसमारंभात, जिथे ट्रम्पेट तिची ललकारी करतात.

एवढं झाल्यावर एक नियम मोडलेला ऐका. बेन केनोबी मरतो तेव्हा त्याची सुरावट वाजायला हवी ना? वाजते ती राजकन्या लेआची. लेआचा त्या म्हाताऱ्याशी फारसा संबंधही आलेला नसतो. पण त्या क्षणाला हवा असलेला हंबरडा विल्यम्स यांना तिच्या सुरावटीत सापडला. म्हणून म्हणते, कुठली सुरावट कुणाची याची यादी पाठ करू नका. यादी हातात घेऊन बसलात तर ही जागा तुम्हाला चूक वाटेल, आणि माझ्या मते त्या चित्रपटातली सर्वांत सुंदर जागा तीच आहे.

दुसरी वाट खलनायक व्हेडरची. ‘इम्पीरियल मार्च’ पहिल्या चित्रपटात नाहीच, तो आला १९८०मध्ये. पितळी वाद्यांचा तो पोलादी ठेका आधी नीट ऐकून घ्या. मग १९९९मधली लहानग्या ॲनाकिनची सुरावट लावा; हाच मुलगा पुढे व्हेडर होतो. माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला मी ती काही न सांगता ऐकवली. गोड, निरागस सूर चालले होते, तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटाकडे एकदम वळून म्हणाला, “मावशी, हा तर तोच माणूस!” शेवटाकडे मार्चचे तुकडे हलकेच डोकावतात, ते त्याने पकडले होते. त्यानंतर आम्ही १९८३मधला व्हेडरचा मृत्यू ऐकला. तोच मार्च विरत विरत जातो आणि शेवटचे स्वर हार्पवर येतात. या तीन रचना मी सांगितलेल्या क्रमानेच ऐका, वर्षांच्या क्रमाने नको.

‘ड्युएल ऑफ द फेट्स’बद्दल मराठी कानांना एक सावधगिरी. १९९९च्या त्या रचनेतला समूहस्वर संस्कृत शब्दांचा आहे, हे कळल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. एक वाक्य जुळेल तर शपथ. एका जुन्या वेल्श कवितेच्या इंग्रजी अनुवादातल्या ओळी संस्कृतात नेल्या आणि मग नादासाठी अक्षरं निवडून मांडली, म्हणून व्याकरण शोधू नका. कागद बाजूला ठेवा. ‘ख’ आणि ‘र’ कसे आदळतात ते ऐका, आणि त्याखाली सतत धावणाऱ्या वाद्यांच्या त्या छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतीवर कान ठेवा. सगळा ताण तिच्यात आहे.

शेवटचा प्रयोग भाच्यासाठी राखून ठेवला होता. १९८३च्या चित्रपटातली सम्राटाची सुरावट लावा, खोल पुरुषी आवाजांची, शब्दांविना. दोन-तीनदा ऐकून ती गुणगुणता आली पाहिजे. लगेच १९९९च्या चित्रपटातली अगदी शेवटची विजययात्रा लावा, मुलांच्या उजळ आवाजातली. पहिल्यांदा भाचा टाळ्या वाजवत होता. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचे हात थांबले. सम्राटाचीच सुरावट, शुद्ध गंधारात नेलेली, मुलं आनंदाने गातात, आणि त्या यात्रेत पॅल्पटिन, म्हणजे पुढे होणारा सम्राट, हसत उभा असतो.