सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतो : माझा अनुभव

गाव दारव्हा तालुक्यात, गाडी डिझेल पिकअप, अन् दारात कापूस भरून पडलेला. सेल्फ जोरात फिरे, इंजिन क्षणभर पकडून बंद पडे. रिमोटनं दरवाजे मात्र उघडत. बॅटरी बदलली, डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली. डोकं पार फिरलं होतं.

खरी गोम चावीत होती. कव्हर तुटलं म्हणून दुकानात नवं बसवून घेतलं, तेव्हा जुन्या कव्हरातली चिप तिथंच राहिली. बोटाच्या नखाहून लहान काळा तुकडा तो. रिमोटच्या सेलशी त्याचा संबंध नाही. इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलमधून त्याला वीज मिळते अन् तो आपला कोड गाडीला कळवतो. कोड जुळला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन तोडतो.

यवतमाळहून चावीवाले भाऊ मशीन घेऊन आले. आधी आरसी अन् आधार पाहिलं, हे बरंच केलं. मग क्रम असा:

बॅटरीला चार्जर लावला, कारण मधेच व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट राहतं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करायची जोडणी) मशीन जोडून सिक्युरिटी कोड वाचला. नव्या चिपची चावी घालून इग्निशन ऑन, गाडीच्या मेमरीतून जुन्या चाव्या पुसल्या, ही नोंदवली. लगेच दुसरी चावीही. इग्निशन बंद, थोडं थांबून पुन्हा ऑन. दिवा पेटून विझला, तेव्हाच सेल्फ मारला.

घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या त्याच वेळी समोर ठेवा. पुसलेली चावी पुन्हा नोंदवल्याशिवाय चालत नाही.