गंभीर दम्यासाठी बायोलॉजिक इंजेक्शन: निवड कशी करावी

इनहेलरमधील स्टेरॉइडची मात्रा भरपूर असूनही वर्षातून दोन-तीनदा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर छातीच्या डॉक्टरांकडे बायोलॉजिक इंजेक्शनचा विषय काढावा. ही औषधे स्टेरॉइडप्रमाणे सरसकट सूज दाबत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांपैकी एखादाच निरोप ती अडवतात. त्यामुळे औषधाआधी रुग्णाची पारख महत्त्वाची ठरते. २००७ मधील एका चाचणीत कोणतीही निवड न करता दमेकऱ्यांना मेपोलिझुमॅब हे बायोलॉजिक दिले गेले, तेव्हा फारसा लाभ दिसला नाही. २००९ मध्ये तेच औषध इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढलेल्या रुग्णांना दिल्यावर मात्र दम्याचे झटके कमी झाले.

सर्वप्रथम इनहेलर डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. सूचना पोरकट वाटेल, पण औषध घशातच राहत असेल तर महागडे इंजेक्शन हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यानंतर रक्तातील इओसिनोफिलची एकूण संख्या आणि आयजीई (अॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड) तपासावे. प्रेडनिसोलोनमुळे इओसिनोफिल कमी दिसतात, म्हणून गोळ्या सुरू होण्यापूर्वीचे जुने रिपोर्ट शोधून न्यावेत. तपासणीसाठी गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत. आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी: पोटातील जंतांमुळे किंवा हत्तीरोगाच्या कृमींमुळेही इओसिनोफिल वाढतात. ही संख्या प्रति मायक्रोलिटर ३००० च्या वर असेल आणि रुग्ण पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यातला असेल, तर आधी त्या दिशेने तपास व्हावा, कारण तो आजार डायइथिलकार्बामॅझिनच्या स्वस्त गोळ्यांनी बरा होऊ शकतो.

अॅलर्जी स्पष्ट असून आयजीई वाढलेले असल्यास ओमॅलिझुमॅबचा विचार होतो. त्याची मात्रा वजन आणि आयजीई यांवरून ठरते. इओसिनोफिल १५० ते ३०० किंवा त्याहून अधिक असल्यास इंटरल्युकिन-५ चा निरोप अडवणारे मेपोलिझुमॅब दर चार आठवड्यांनी देतात, तर त्याच निरोपाचा ग्राही (पेशीवरची निरोप घेणारी जागा) बंद करणारे बेनरॅलिझुमॅब पहिल्या तीन मात्रांनंतर दर आठ आठवड्यांनी पुरते. सोबत नाकात पॉलिप किंवा अंगावर इसब असेल, तर इंटरल्युकिन-४ आणि १३ हे दोन्ही रोखणारे डुपिलुमॅब सोयीचे पडते. टेझेपेलुमॅब श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणारा पहिलाच इशारा अडवते, त्यामुळे इओसिनोफिल कमी असलेल्यांनाही त्याचा उपयोग होऊ शकतो.

निदान चार महिने झटक्यांची आणि गोळ्यांची नोंद ठेवून मगच परिणाम जोखावा. अचानक धाप लागल्यास हे इंजेक्शन कामाचे नाही. तेव्हा नेहमीचा तातडीचा इनहेलरच घ्यावा आणि आराम न पडल्यास रुग्णालय गाठावे. बरे वाटू लागले तरी रोजचा इनहेलर चालू ठेवावा, आणि दीर्घकाळ घेतलेले प्रेडनिसोलोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावे, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड पुन्हा तयार होऊ लागायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात.