मागचं धूसर येत नाही? लेन्स बदलण्याआधी या चुका टाळा

पऱ्हाटीला पाठ लावून माणूस उभा करायचा आणि मागचं धूसर आलं नाही की लेन्सला दोष द्यायचा, ही चूक सगळ्यात जास्त दिसते. माणूस आणि झाडात हातभर अंतर असेल तर महागडी लेन्सही फार काही करू शकत नाही. माणसाला धुऱ्यावर आणा, त्याच्या पाठीमागे २५-३० फूट मोकळं सोडा आणि तुम्ही ६-७ फुटांवर थांबा. हजारो रुपये घालण्याआधी दहा पावलं चालून बघावं.

१८-५५ मिमीची झूम लेन्स असेल तर ५५वर जा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) किती उघडतं ते सांगणारा एफ आकडा १८वर ३.५ असतो आणि ५५वर ५.६; ३.५ लहान, म्हणून १८वरच अडून राहणारे बरेच आहेत. छिद्राचा व्यास मोजा: १८ भागिले ३.५ म्हणजे सुमारे ५ मिमी, ५५ भागिले ५.६ म्हणजे जवळपास १० मिमी. माणूस चौकटीत तेवढाच ठेवला तर दूरची झाडं ५५वर जवळजवळ दुप्पट विरघळतात.

आता पोळा. ५० मिमी, एफ १.८ लेन्स नवीन घेतलेली असते, म्हणून अ‍ॅपर्चर १.८वरच ठेवलेलं. तोरणाखाली बैल समोर तोंड करून उभा, धनी त्याच्या मानेजवळ. फोकस बिंदू कॅमेऱ्यावर सोडला की तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू, म्हणजे बैलाचं नाक पकडतो. क्रॉप सेन्सरवर (बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांतला लहान सेन्सर) २ मीटरवरून स्पष्ट पट्टा मिळतो जेमतेम ११ सेंमीचा, आणि नाकापासून शिंगांपर्यंतच फूटभराहून जास्त अंतर. नाक लख्ख, बाशिंग मऊ, धन्याचा चेहरा गेलेला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. घरी मोठ्या पडद्यावर कळतं तेव्हा झूल उतरलेली असते, पुढचा पोळा वर्षानं.

म्हणून बैल आडवा उभा करा आणि धन्याला त्याच्या तोंडाच्या ओळीत घ्या. मागे सरकून १० फुटांवर थांबा, एफ ४ ठेवा; पट्टा पावणेदोन फुटांचा होतो. एकच फोकस बिंदू निवडून तो धन्याच्या जवळच्या डोळ्यावर न्या. मधल्या बिंदूनं फोकस धरून मग कॅमेरा फिरवू नका, १.८वर तेवढ्यानंही डोळा सुटतो. मागे गर्दी नको, मोकळं शेत घ्या. एफ ४वरही ते छान विरतं.

भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) १००वर एफ १.८ला शटरचा वेग सुमारे १/८००० सेकंद लागतो. बरेच स्वस्त कॅमेरे १/४०००वर थांबतात, मग पांढरं धोतर आणि फुटलेला कापूस फोटोत पांढराफट्ट होऊन जळतो. सावलीत या किंवा एनडी ८ फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लावा.

संत्र्याच्या बागेत पानांमधून येणाऱ्या उजेडाचे गोल ठिपके हवे असतील तर छिद्र पूर्ण उघडं ठेवा. कमी केलं की छिद्राच्या पात्यांमुळे ठिपक्यांना कोन दिसतात.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड अंतराचा अंदाज बांधून धूसर रंगवतो, म्हणून दोन शिंगांमधली जागा स्पष्ट राहते आणि गोंड्यांचे धागे पुसले जातात. धूसरपणाची पट्टी एफ ४-५.६च्या आसपास ठेवा आणि शिंगांच्या कडा तिथेच मोठ्या करून बघा. खटकल्या तर मोड बंद करून पुन्हा काढा, बैल अजून तोरणाखालीच आहे.