ट्रकची डिझेल टाकी बदलताय? लिटर नंतर ठरवा, आधी बसणी बघा

टाकी गळायला लागली की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, किती लिटरची टाकू? माझं म्हणणं असं की लिटर सगळ्यात शेवटी ठरवायचे, कारण टाकी चुकली तर ती बहुतेक वेळा लिटरमुळे चुकत नाही, बसणी (ब्रॅकेट आणि पट्ट्यांत टाकी कशी बसते ते), सक्शन पाईप (इंजिनकडे डिझेल ओढणारा), फ्लोट (काट्याला डिझेलची पातळी सांगणारा तरंगता भाग) आणि आतली घाण यांच्यामुळे चुकते आणि त्याचा भुर्दंड इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागापर्यंत जातो.

आधी जुनी टाकी उतरवा आणि पट्टे सोडून नीट बघा. गंज कुठे आहे त्यावरून कारण कळतं. पट्ट्याखालीच पत्रा खाल्लेला असेल तर रबराची पट्टी गेलेली असते, तिथे पावसाळ्यात चिखल आणि पाणी अडकून राहतं, वरून रंग चांगला दिसतो आणि बोटाने दाबलं की पत्रा आत जातो. अशा वेळी नवीन टाकीबरोबर पट्टे आणि रबर पण नवीनच घ्या, नाहीतर नवीन टाकी त्याच जागी सडणार. गंज आतून तळाला असेल तर पाणी साचत होतं, मग झाकणाचं पॅकिंग आणि ब्रीदर (टाकीत हवा ये-जा करायची वाट) तपासा. आणि सांध्याजवळ तडा असेल तर ब्रॅकेट ढिला होता किंवा चेसिसवर बोल्ट घासत होता, तो आधी सरळ करून घ्या.

आता माप. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणा आणि १००० ने भागा. ११० × ६० × ६० ची टाकी म्हणजे ३९६ लिटर, पण हे काठोकाठ झालं, कोपरे गोल असतात आणि वर थोडी हवा पाहिजेच. २० अंश तापमान वाढलं की ४०० लिटर डिझेल साधारण साडेसहा लिटर फुगतं, एप्रिल-मे मध्ये सकाळी फुल्ल भरून दुपारी उन्हात गाडी लावली की झाकणातून डिझेल येतं ते ह्यामुळेच. टाकी ब्रॅकेटमध्ये मावते का एवढंच बघू नका, खाली जमिनीपासून अंतर, बाजूचं साइड गार्ड, एअर टँक आणि बॅटरीचा डबा या सगळ्यांमध्ये हात जाईल एवढी जागा राहिली पाहिजे.

पत्रा की अॅल्युमिनियम की प्लास्टिक, यावर लोकं फार भांडतात. लोखंडी टाकी स्वस्त, कुठेही मिळते, पण गंजते. अॅल्युमिनियमची वजनाला जवळपास निम्मी, गंज लागत नाही, पण लोखंडी पट्टा थेट तिला टेकला आणि मध्ये ओल राहिली की तिथे पांढरी पावडर होऊन धातू खाल्ला जातो, म्हणून तिला रबर सक्तीचंच समजा, आणि तिचं वेल्डिंग रस्त्यावरचा कुठलाही वेल्डर करू शकत नाही. प्लास्टिकची गंजत नाही पण सायलेन्सरच्या गरमीपासून लांब पाहिजे. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत धूर साफ करणारी सिस्टीम जास्त तापते, तिथे कंपनीने ज्या जागी ज्या प्रकारची टाकी दिली आहे तीच ठेवा, मी तरी हेच सांगेन. आणि एक गोष्ट पक्की, आतून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा तांब्या-पितळेचे पाईप डिझेलच्या टाकीत नकोच, डिझेलमध्ये त्यांचा अंश उतरतो आणि इंजेक्टरवर थर बसतो.

सक्शन पाईप कुठे आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. चढावर डिझेल मागे सरकतं. लोकल बनावटीच्या टाकीत सक्शन पुढच्या टोकाला दिलेला असेल आणि टाकी पाव भरलेली असेल तर बोरघाटात गाडी एअर घेते, म्हणजे डिझेलऐवजी पाईपात हवा जाते, मग लोड गाडी घाटात उभी आणि ड्रायव्हर हँड पंप मारत बसतो. सक्शन मधोमध हवा, तळापासून थोडा वर, म्हणजे खालचं पाणी ओढणार नाही. रिटर्न पाईप (इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारा) सक्शनच्या अगदी शेजारी नको, परत आलेलं गरम, फेसाळ डिझेल लगेच पुन्हा ओढलं जातं. आत आडवे पत्रे आहेत का तेही टॉर्च मारून बघा. ४०० लिटर डिझेल म्हणजे ३३० किलोच्या आसपास वजन, ब्रेक मारला की हे सगळं पुढच्या भिंतीवर आदळतं, आडवे पत्रे नसलेली टाकी सांध्यात फुटणारच.

फ्लोट जुन्या टाकीचाच लागेल असं धरून चालू नका. बोल्टची भोकं जुळली तरी उंची जुळली पाहिजे, दांडी आखूड असेल तर डिझेल असताना काटा रिकामं दाखवतो, लांब असेल तर तळाला अडकतो. रेझिस्टन्स पण कंपनीप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे गाडीचा मॉडेल नंबर सांगूनच घ्या.

मग लिटर. समृद्धीवरून नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर, लोड गाडी साडेतीनचा अॅव्हरेज देत असेल तर २०० लिटर लागतात, अशा लाईनवर ३०० ची टाकी पुरते. जास्त डिझेल म्हणजे तेवढा माल कमी, आणि रात्री ढाब्यावर चोरीला जास्त माल पण. मूळ मॉडेलला कंपनीने जे पर्याय दिलेत त्याच्या बाहेर जाऊन मोठी टाकी बसवू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनासारखे फेरफार करायला बंदी आहे, आधी आरटीओत विचारा. कुलपाचं झाकण आणि गळ्यात चोरीची जाळी मात्र नक्की घ्या.

बसवण्याआधी नवीन टाकीत चुंबक दोरीला बांधून फिरवा. वेल्डिंगचे कण, लोखंडाचा भुसा चिकटून येतो, काही वेळा पाईपच्या तोंडातली प्लास्टिकची टोपी सुद्धा आत पडलेली सापडते. कॉमन रेल इंजिनमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाईपातून दाबाने डिझेल मिळतं ते) डिझेलचा दाब १६०० बार आणि त्याच्या वर जातो, हे कण तिथे पोचले तर संपलं. अॅल्युमिनियमचे कण चुंबकाला लागत नाहीत, त्यामुळे ती टाकी स्वच्छ डिझेलने दोन-तीनदा खळखळून धुवा, पाण्याने नको. लीक टेस्ट अगदी कमी हवेवर, साबणाचं पाणी लावून. कॉम्प्रेसरची पूर्ण लाईन जोडली तर टाकी फुगून जाते.

फिटिंगच्या दिवशी डिझेल फिल्टर आणि वॉटर सेपरेटर नवीनच टाका. पहिलं डिझेल २०-२० लिटरच्या कॅनने भरा आणि काटा कुठे येतो ते लिहून ठेवा, पुढे डिझेल चोरीला गेलं तर हाच हिशोब उपयोगी पडतो. निळ्या झाकणाची डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची) टाकी शेजारीच असते, दोन्हीवर मोठ्या अक्षरात लिहा, चुकून युरिया डिझेलमध्ये गेला तर गाडी चालू न करता टाकी खाली करावी लागते. पहिल्या लोड फेरीनंतर पट्ट्यांचे नट पुन्हा आवळा, रबर दबलेलं असतं.

जुनी टाकी वेल्डिंग करून स्पेअर ठेवू असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान ३५ अंश एवढाच धरलेला आहे, म्हणजे रिकाम्या टाकीत जी वाफ राहते तिला उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते, माणसं गेलीत ह्यात. भंगारात देताना पण डिझेलची टाकी आहे, गॅस कटर लावू नको, हे त्याला तोंडाने सांगा आणि टाकीवर खडूने लिहून द्या.