नव्या रंगाच्या गाडीला पहिले दोन महिने कसं सांभाळायचं

गेल्या उन्हाळ्यात एका शेतकरी दादांची बोलेरो मी पूर्ण मरून रंगवून दिली. घरात मुलीचं लग्न होतं. सहाव्या दिवशी गाडीवर झेंडूच्या माळा चढल्या आणि त्या सरकू नयेत म्हणून जागोजागी सेलोटेप लागली. दिवसभर गाडी मांडवाबाहेर उन्हात. रात्री टेप काढली तेव्हा रंग उखडला नाही, पण बॉनेटवर टेपच्या रुंदीचा धुरकट पट्टा राहिला. त्या पट्ट्यात टेपखाली दबलेल्या दोऱ्याचा वळ इतका स्वच्छ उमटला होता, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी सापडायचा. दादा म्हणाले, "भाऊ, रंग तर वाळला होता ना?"

वाळला होता, पण पिकला नव्हता. दर्यापूरच्या माझ्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हा फरक आधी समजावून सांगतो.

हल्ली गाडीला बहुतेक ठिकाणी टू-के पीयूचं, म्हणजे दोन भाग मिसळून केलेल्या पॉलियुरेथेन रंगाचं काम होतं. रंगात किंवा वरच्या क्लिअरमध्ये, म्हणजे पारदर्शक थरात, हार्डनर मिसळलेला असतो. थिनर उडत जातो आणि हार्डनर रंगाला आतून बांधत जातो. वरची पापडी काही तासांतच हाताला कोरडी लागते, पण खालचा थिनर निघून बांधणी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागतात. मोठ्या शहरातल्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, गाडी साधारण ६० अंशांवर अर्धा तास भाजतात, तिथं हे काम लवकर होतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या दुकानात गाडी शेडमध्ये हवेवरच वाळते. म्हणून बूथमधल्या गाडीला महिनाभर जपा आणि हवेवर वाळलेल्या गाडीला दोन ते तीन महिने. हिवाळ्यात काम केलं असेल तर तीनच धरा. आपली गाडी कशी वाळवली, हे पेंटरला विचारून घ्या. एक घरगुती परीक्षाही आहे. दुपारी तापलेल्या दाराजवळ नाक न्या. थिनरचा वास आला तर आतलं काम अजून चालूच आहे.

या काळात मेण, पॉलिश, सिरॅमिक कोटिंग, फिल्म यातलं काहीही लावू नका. वरून तोंड बंद केलं की आतला थिनर कोंडतो. मग चमक मरते, कधी बारीक फोडही येतात. 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहायचाच असेल तर मागच्या काचेवर लिहा, काचेला काही होत नाही. पूजाही जरूर करा. स्वस्तिक काचेवर काढा, हार आतल्या आरशाला घाला आणि नारळ चाकापुढं जमिनीवर फोडा. बॉनेटवर ओलं हळदकुंकू मात्र नको, त्याचा डाग कोवळ्या रंगात उतरतो.

पहिला आठवडा गाडी धुऊच नका. धूळ बसली तर बसू द्या. कोरड्या फडक्यानं झटकायचा मोह आवरा, कारण आपल्याकडची धूळ नुसती माती नसते. तुरीचं, सोयाबीनचं कुटार उडून त्यात मिसळलेलं असतं. फडक्याखाली आलेली त्याची एक कणी दारभर रेघ ओढते. लेकरांना धुळीत बोटानं नाव लिहू देऊ नका, तेही त्याच कारणानं.

आठवड्यानंतर सावलीत, गाडी थंड असताना साध्या पाण्यानं धुवा. वावरातून आलेल्या गाडीला काळी माती चिकटलेली असते, ती वाळली की दगड होते. आधी पाणी सोडून पाच-दहा मिनिटं भिजू द्या, आपोआप सुटू द्या, मगच हात लावा. एका बादलीत शाम्पूचं पाणी आणि दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी घ्या. टपापासून खाली या आणि हात सरळ रेषेत चालवा. कपड्याची पावडर, भांड्याचा साबण नको, गाडीचा सौम्य शाम्पूच घ्या. सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाखाली दोन महिने गाडी नेऊ नका. दाराची कड किंवा जिथं जुना रंग नव्याला भेटतो तो सांधा, तिथूनच रंग उचलतो.

पाण्याचं आमच्या भागात जास्तच बघावं लागतं. आम्ही खारपाणपट्ट्यातले, बोअरचं पाणी खारट. थेंब बॉनेटवर वाळला की पांढरं कडं उरतं, आणि उन्हात ते कोवळ्या क्लिअरमध्ये रुतून बसतं. शेवटचं पाणी तरी नळाचं गोडं घ्या. धुणं झालं की मायक्रोफायबरच्या कापडानं लगेच टिपून घ्या, घासू नका. पावसात भिजली तरी हेच करा.

सगळ्यात वाईट म्हणजे पाखरांची विष्ठा. ती मुळात आम्लधर्मी, त्यात उन्हानं रंग मऊ पडलेला असतो. संध्याकाळी रंग थंड होऊन आखडतो आणि विष्ठेच्या कडेचा ठसा त्यात धरून ठेवतो. एका दुपारीसुद्धा हे होतं. डिकीत पाण्याची बाटली आणि ओलं फडकं ठेवा. दिसली की फडकं दोन मिनिटं त्यावर ठेवा आणि उचलून घ्या. खरवडू नका. म्हणूनच आपल्या आवडीची लिंबाखालची सावली आता सोडा. झाडाचा डिंकही गळतो आणि मावा किडीचा चिकटाही. टिनाचं मोकळं छप्पर सगळ्यात बरं. कव्हर घालू नका. त्याच्या आत वाफ कोंडते, आणि वारा सुटला की तेच कव्हर धुळीसकट गाडीवर घासतं.

डिझेलचं किंवा रॉकेलचं बोट फिरवून चमक आणायची जुनी सवय गावात अजून आहे. नव्या रंगावर ती अजिबात नको. पेट्रोल भरताना सांडलं तर तिथल्या तिथं पाणी ओता. ब्रेक ऑइलचा तर थेंबही रंग खातो. फवारणीचा पंप, ढेपेचं पोतं, डबा, बॉनेटवर काहीच टेकवू नका.

एवढं करूनही चमक मंद वाटली किंवा बारीक फोड दिसले तर स्वतः कंपाउंड (घासायची पॉलिशची पेस्ट) घासू नका. दिसेल तसं पेंटरला दाखवा. रंग पिकल्यावर दोन हजार नंबरच्या पाणी-पेपरनं (पाणी लावून घासायच्या बारीक पॉलिशपेपरनं) हलकं घासून बफिंग केलं की बरंच निघतं. त्या बोलेरोचा पट्टा मी अडीच महिन्यांनी असाच काढला. दोऱ्याचा वळ मात्र खोल होता, त्यासाठी बॉनेटला पुन्हा क्लिअर मारावं लागलं.

गाडी घेताना पेंटरकडून शेडचा कोड लिहून घ्या आणि हार्डनर न घातलेला उरलेला बेसरंग काचेच्या बाटलीत घट्ट झाकून मागा. हार्डनर मिसळलेला रंग बाटलीतच दगड होतो, तो काही कामाचा नाही. गिट्टीच्या रस्त्यावर पहिला टवका उडाला की तीच बाटली उपयोगी पडेल.