यूकेत ऑफ्थॅल्मॉलॉजीत जायचंय? पैसे भरण्याआधी कोर्सबद्दल थोडं

प्लॅब (बाहेरून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा) झाली, जीएमसीचा म्हणजे इथल्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर आला, पहिली नोकरी लागली आणि मनात डोळ्यांचा विभागच पक्का आहे, अशा आपल्याकडच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई कुठला कोर्स करू? आणि मी दर वेळी उलट विचारते की तुम्ही आत्ता कुठल्या टप्प्यावर आहात आणि कोर्स झाल्यावर सोमवारी त्यातलं काय वापरणार आहात. याचं उत्तर येत नसेल तर तो कोर्स अजून तुमच्यासाठी नाही, कितीही नामांकित असो. इथे कोर्स महाग असतात आणि पहिल्या वर्षात व्हिसा, डिपॉझिट, घरी पाठवायचे पैसे सगळं एकदमच अंगावर आलेलं असतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी रचना समजून घ्या. इथलं ऑफ्थॅल्मॉलॉजीचं ट्रेनिंग रन-थ्रू आहे, म्हणजे एसटी वनला, स्पेशल्टी ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षाला, एकदा आत गेलात की सात वर्षं तिथेच, मधे परत मोठी निवड नाही. अर्ज ओरिएल या वेबसाइटवर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुढच्या ऑगस्टच्या जागांसाठी. मग जानेवारीच्या आसपास एमएसआरए ही निवडीची दोन पेपरांची परीक्षा, आणि पुढे पोर्टफोलिओ (आजवरच्या कामाचे पुरावे) आणि इंटरव्ह्यू. जागा कमी आणि मागणी प्रचंड, त्यात जुलै २०२५ मध्ये सरकारचा जो दहा वर्षांचा हेल्थ प्लॅन आला त्यात स्पेशल्टी ट्रेनिंगमध्ये यूकेतून पदवी घेतलेल्यांना आणि एनएचएसमध्ये (इथल्या सरकारी आरोग्यसेवेत) बराच काळ काम केलेल्यांना प्राधान्य द्यायचं स्पष्ट लिहिलंय, तेव्हा आपल्या लोकांनी ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचे नियम स्वतः वाचायचेच, दोन वर्षांपूर्वी आत गेलेल्या सीनियरच्या सांगण्यावर राहायचं नाही.

त्याच सीझनला पर्सन स्पेसिफिकेशन (उमेदवाराकडे काय हवं त्याची यादी) आणि पोर्टफोलिओच्या मार्कांचा तक्ता जाहीर होतो. तो प्रिंट काढून समोर ठेवा आणि प्रत्येक रकान्यापुढे पेन्सिलीने लिहा, आज माझ्याकडे काय आहे, त्याचा कागद कुठे आहे. बरेच जण हे न करता चार-पाच कोर्स करून बसतात आणि मग कळतं की खरी उणीव ऑडिटची, म्हणजे आपलं काम ठरलेल्या निकषांशी ताडून मोजण्याची होती, तेही असं ऑडिट ज्यात बदल करून परत मोजलंय. ते कुठल्याच कोर्समध्ये विकत मिळत नाही, पण ज्या वॉर्डात आत्ता काम करताय तिथेच फुकट होतं. ड्यूक एल्डर या डोळ्यांच्या विषयावरच्या बक्षीस परीक्षेबद्दलही बरेच जण विचारतात, ती मेडिकल स्टुडंटसाठी आहे, डॉक्टर झालात की तो विषय संपला.

एमएसआरएसाठी कोर्स लावावा का? माझं मत, क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हिंगच्या पेपरला नको. तो पेपर डोळ्यांचा नसतोच, मेडिसिन, पीडिया, गायनॅक, सायकियाट्री सगळं येतं, डोळे हे त्वचा आणि ईएनटीबरोबर एका छोट्या गटात बसवलेत. त्याला प्रश्नसंच रोज सोडवणं हाच उपाय. प्रोफेशनल डिलेमाजच्या पेपरमध्ये मात्र आपली मुलं अडकतात, हुशारी कमी म्हणून नाही, तर इथे नर्सने शंका घेतली की काय करायचं, सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास आला की आधी कोणाला सांगायचं, हे आपल्याकडच्या वॉर्डात ज्या पद्धतीने चालतं त्यापेक्षा वेगळं चालतं म्हणून. जीएमसीचं गुड मेडिकल प्रॅक्टिस नीट वाचा आणि सहा महिने तरी एनएचएसमध्ये काम करून मग परीक्षेला बसा, त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही वीकेंड कोर्सने पडत नाही.

आता फुकटचं, कारण ते आधी संपवायला हवं. ई-लर्निंग फॉर हेल्थकेअरवर रॉयल कॉलेजबरोबर बनवलेलं आय-साइट नावाचं मॉड्यूल आहे, एनएचएसच्या लोकांना त्याचे पैसे पडत नाहीत. एनआयएचआर या सरकारी रिसर्च संस्थेचा गुड क्लिनिकल प्रॅक्टिस कोर्सही तसाच, रिसर्चमध्ये हातभार लावायचा तर तो बऱ्याचदा मागतात. आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे टेस्टर, विभागात काही दिवस बसून काम बघणं. तुमच्या हॉस्पिटलच्या आय विभागाच्या सेक्रेटरीला साधा ईमेल करा, चार-पाच दिवस बसू द्याल का म्हणून. त्यात एक दिवस आय कॅज्युअल्टी (डोळ्यांची इमर्जन्सी), एक दिवस थिएटर आणि एक दिवस मेडिकल रेटिनाचं (डोळ्याच्या मागच्या पडद्याचं) इंजेक्शन क्लिनिक असं मागून घ्या. इंजेक्शन क्लिनिक मुद्दाम सांगतेय, कारण बाहेरून आपल्याला फक्त मोतीबिंदूची झगमगती सर्जरी दिसते आणि या विभागाचं रोजचं काम म्हणजे ओसीटी (त्या पडद्याचे स्कॅन) बघणं, तेच पेशंट महिन्या-दोन महिन्यांनी परत, गर्दी, आणि कमी दिसणाऱ्या वयस्कर माणसाशी धीराने बोलणं. हे बघूनही आवडलं तर मग पुढचे पैसे खर्च करा, मनापासून सांगतेय.

हाताचे कोर्स, म्हणजे मायक्रोसर्जरी आणि वेट लॅब (प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव), इथे लोक सगळ्यात जास्त उत्साहाने जातात आणि निवडताना सगळ्यात कमी प्रश्न विचारतात. तुम्ही विचारा. एका मायक्रोस्कोपवर किती जण? दोन असतील तर अर्धा दिवस तुम्ही दुसऱ्याचे हात बघणार. शिकवणारे किती आणि ते शेजारी बसतात का? व्याख्यानं किती वेळ? डुकराचे डोळे कसे येतात हेही विचारायला लाजू नका, कत्तलखान्यात गरम पाण्यातून काढलेले असतील तर कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) पांढरट होतो आणि मग आतलं काहीच दिसत नाही. शिवाय डुकराची कॅप्सूल, म्हणजे भिंगावरचं पातळ आवरण, वयस्कर माणसाच्या कॅप्सूलपेक्षा जाड आणि रबरासारखी ताणणारी असते, रेक्सिस, म्हणजे तिला गोल भोक पाडताना जाणारी फाट, सतत बाहेर पळते, तेव्हा पहिल्या दिवशी ती फाटली म्हणून आपल्याला जमणारच नाही असं अजिबात समजू नका.

आणि चांगला शिक्षक कसा ओळखायचा तर तो सुई हातात द्यायच्या आधी तुम्हाला नीट बसवतो. खुर्चीची उंची, पाय दोन्ही पेडलपर्यंत आरामात पोचतात का, मनगटं टेकलीत का, आयपीसवर तुमच्या चष्म्याचा नंबर आणि दोन डोळ्यांमधलं अंतर लावलंय का, पूर्ण झूम करून फोकस केलाय का. ही पाच मिनिटं दिली नाहीत तर दिवसभर दोन प्रतिमा दिसत राहतात, मान अवघडते, आणि टेन-ओ नायलॉनचा धागा, जो केसाहून बारीक असतो, तो कुठे गेला हे शोधण्यातच टाके राहून जातात.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. रॉयल कॉलेजचा इंट्रोडक्शन टू ऑफ्थॅल्मिक सर्जरी हा कोर्स ट्रेनींना डोळ्याच्या आतली सर्जरी सुरू करण्याआधी करावाच लागतो. म्हणजे ट्रेनिंग नंबर (ट्रेनिंगची जागा) मिळाला की तो होणारच आहे आणि तेव्हा तो स्टडी लीवच्या पैशातून होतो. मग आत्ता खिशातून कशाला? त्यापेक्षा तुमच्या डीनरीत (ट्रेनिंगच्या प्रादेशिक विभागात) आयसी हा डोळ्यांच्या सर्जरीचा सिम्युलेटर कुठे आहे ते शोधा आणि मोकळ्या वेळी बसू देतात का विचारा. त्याचा उपयोग होतो हे नुसतं म्हणणं नाहीये, नॅशनल ऑप्थॅल्मॉलॉजी डेटाबेसच्या अभ्यासात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनींच्या मोतीबिंदू सर्जरीत मागची कॅप्सूल फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं ते २०१५ पर्यंत २.६ टक्क्यांवर आलं, आणि त्याच काळात हे सिम्युलेटर देशभर पसरत गेले. एक दिवसाचा कोर्स करून सहा महिने हात न लावणं आणि आठवड्याला एक तास सिम्युलेटरवर बसणं यात मी डोळे मिटून दुसरं निवडीन.

एफआरसीऑफ्थ या रॉयल कॉलेजच्या परीक्षेच्या पार्ट वनला डोळ्यांच्या विभागातला अनुभव लागत नाही, मेडिकल डिग्री पुरते, म्हणून लोक लवकर बसतात. बसा, पण प्रयत्नांची संख्या मर्यादित आहे, सहा, तेव्हा बघून येऊ म्हणून एकही वाया घालवू नका. अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी घरी होतं. कोर्स घ्यायचाच तर ऑप्टिक्सचा घ्या, आणि असा घ्या जिथे शिकवणारा फळ्यावर किरण काढून दाखवतो आणि तुमच्याकडून काढून घेतो. रिफ्रॅक्शन सर्टिफिकेटचा (चष्म्याचा नंबर काढण्याच्या परीक्षेचा) कोर्स मात्र आत्ता नको, ती ट्रेनिंगमध्ये गेल्यावरची गोष्ट आहे, रेटिनोस्कोप (नंबर तपासायचं उपकरण) हातात धरून महिनोन्महिने माणसं तपासल्याशिवाय तो कोर्स डोक्यावरून जातो.

एएलएस (हृदय बंद पडल्यावरच्या उपचारांचा कोर्स) बहुतेक नोकऱ्यांना लागतंच, सर्टिफिकेट चार वर्षं चालतं, ट्रस्टकडून करून घ्या. शिकवण्याचा कोर्स तक्त्यात मार्क असतील तरच, आणि त्याआधी स्टुडंटना शिकवून फीडबॅक फॉर्म गोळा करा.

एमएस किंवा डीएनबी करून आलेल्यांचं गणित वेगळं. तुम्ही शेकडो एसआयसीएस (छोट्या छेदाच्या, हाताने केलेल्या मोतीबिंदू सर्जरी) केल्या असतील, तुम्हाला वेट लॅबमध्ये पहिला टाका शिकायची गरज नाही. पण इथे जवळपास सगळं फेकोवर (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू काढण्यावर) चालतं, तेव्हा फेको आणि त्यातली गुंतागुंत, अँटीरियर व्हिट्रेक्टॉमी (पुढे आलेला डोळ्यातला जेल काढणं), यावरचे कोर्स तुमच्या कामाचे. दोन वर्षं शिकून परत जायचं असेल तर एमटीआय (बाहेरच्या डॉक्टरांसाठीची ठराविक मुदतीची ट्रेनिंग योजना) बघा, इथेच राहून कन्सल्टंट व्हायचं असेल तर पोर्टफोलिओ पाथवे, म्हणजे ट्रेनिंगऐवजी अनुभवाचे पुरावे देऊन स्पेशालिस्ट म्हणून नोंदणी, ज्याला २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत सीईएसआर म्हणायचे. त्यासाठी कोर्सपेक्षा सर्जिकल लॉगबुक आणि सही केलेले असेसमेंट जास्त लागतात, पहिल्या दिवसापासून जमवत राहा.

शेवटचं पैशांचं. ट्रेनिंगमधल्या डॉक्टरला स्टडी लीव आणि त्याचा खर्च ठरलेला असतो, पण आपली बरीचशी मंडळी ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलो म्हणून, म्हणजे ट्रेनिंगबाहेरच्या हॉस्पिटलच्या नोकरीत लागतात आणि तिथे सगळं कॉन्ट्रॅक्टवर अवलंबून. ऑफर आली की सही करण्याआधीच ईमेलवर विचारा, स्टडी लीव किती दिवस आणि बजेट किती, ते लेखी घ्या, हे विचारल्याने कोणी ऑफर काढून घेत नाही. रजेचा अर्ज किमान सहा आठवडे आधी द्या, रोटा कोऑर्डिनेटरने (ड्यूटी लावणाऱ्याने) हो म्हटल्याशिवाय कोर्सची फी भरू नका, कारण ऑन-कॉलची अदलाबदल शेवटच्या आठवड्यात कोणी करत नाही आणि बरेचसे कोर्स पैसे परत देत नाहीत.